घराचे फोटो काढायला गेलो आणि भिंतीच पडायला लागल्या

शिक्रा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी मुळात पक्षीवाला. रविवारी पहाटे कवडीपाट, थंडीत एकदोनदा भिगवण, मधूनच सिंहगड व्हॅली, एवढंच माझं छायाचित्रण. लेन्स १५०-६००, आणि शटर १/१०००च्या खाली गेलं की जीव वरखाली. अशा माणसाला गेल्या महिन्यात वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढा महागाचा कॅमेरा घेऊन बदकांच्या मागे फिरता, माझ्या साइटचे चार फोटो काढून द्या की."

वहिनी इंटिरिअर डिझायनर आहे. साइट म्हणजे सहकारनगरमधला १९७०च्या दशकातला एक बंगला. मालक काका-काकू दोघंही सत्तरीच्या पुढचे. वहिनीने आठ महिने खपून तो आतून नवा केला. पण जुनी मोझॅकची फरशी ठेवली, दिवाणखान्यातला सागवानी झोपाळा ठेवला, दक्षिणेची मोठी खिडकी ठेवली. घर इतकं सुरेख झालंय की आत गेल्यावर दोन मिनिटं मी चपला हातात धरूनच उभा होतो.

मित्राची १६-३५ मिलिमीटरची रुंद लेन्स मागून आणली (आकडा जितका लहान तितकी जास्त जागा फ्रेममध्ये मावते). रविवारी सकाळी अकराला गेलो. घर उजळ दिसावं म्हणून असतील नसतील तेवढे दिवे लावले, कोपऱ्याला पाठ टेकून १६ वर सगळी खोली फ्रेममध्ये कोंबली आणि साठ-सत्तर फोटो काढून परत आलो.

आता निकाल. भिंती झुकल्यात, जणू वाडा पडायला आलाय. छताजवळ हळद, खिडकीजवळ नीळ, मधल्या पट्ट्यात काकूंचा चेहरा हिरवट. खिडकीबाहेर छान आंब्याचं झाड होतं, तिथे नुसता पांढरा चौकोन. चौदा बाय अठराची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसतेय, पण ती काकूंची खोली नाही. वहिनीने सगळे फोटो शांतपणे बघितले आणि "बरे आलेत" म्हणाली. पुण्यात "बरे" म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

काका-काकूंनी परत या म्हणून सांगितलंय. लेन्स अजून आठवडाभर माझ्याकडे आहे. काय चुकलं ते स्पष्ट बोला, राग येणार नाही.

मीठमसाला | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

भिंती झुकल्यात म्हणजे पेठेत असतात तर एव्हाना दोन बिल्डर येऊन गेले असते.

एफ_आठ | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

शिक्राराव, मी पोटापाण्यासाठी हेच करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचं सगळंच चुकलेलं नाही. फक्त पक्ष्यांची सवय घरात चालत नाही. पक्षी हलतो म्हणून तुम्ही घाई करता. भिंत कुठे जात नाही.

पहिली गोष्ट भिंतींची. कॅमेरा वर किंवा खाली थोडा जरी वाकवला तरी उभ्या रेषा एकमेकींकडे पडतात. सेन्सर भिंतीला समांतर राहिला तर त्या सरळच येतात, कुठलीही लेन्स असो. तुम्ही उभे होतात, डोळ्याच्या उंचीवरून खाली फरशीकडे बघत होतात, म्हणून भिंती वाकल्या. ट्रायपॉड घ्या, कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करा आणि उंची कमी करा. दिवाणखान्यात साधारण चार फूट, बसायला गादीची बैठक असेल तर तीन फुटांपर्यंत खाली या. माणूस जिथे बसतो तिथून खोली बघायची असते, पंख्यावर बसलेल्या पालीच्या नजरेतून नाही. स्वयंपाकघरात कॅमेरा ओट्याच्या वर वीतभर ठेवा, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग दिसेल पण सगळं चित्र ओट्यानेच भरणार नाही.

कॅमेरा सरळ धरला की छत कापलं जातं आणि फरशी जास्त येते, हे होणारच. त्यासाठी शिफ्ट होणारी लेन्स मिळते. कॅमेरा सरळ ठेवून काच वर सरकवायची. ती लाखाच्या पुढे जाते, तेव्हा विसरा. गरिबाची युक्ती अशी की कॅमेरा उभा धरायचा, पातळी मोडायची नाही आणि नंतर खालची जादा फरशी कापून टाकायची. उभ्या फ्रेमला कमी लेखू नका, घराच्या कामात माझ्या निम्म्याहून जास्त चौकटी उभ्याच असतात.

दुसरं, १६ विसरा. २४ पासून सुरू करा, जमलं तर ३५. खूप रुंद लेन्स फ्रेमच्या कडेच्या वस्तू ताणते. तुमच्याकडे याची आयती परीक्षा आहे: मोझॅकची फरशी. कोपऱ्यातला तुकडा चौकोनी दिसतो की पतंगासारखा ओढलेला, ते बघा. ओढलेला असेल तर तिथला सोफाही तसाच ओढला गेलाय. सगळी खोली एका फोटोत यायलाच हवी हा हट्ट बिल्डरच्या माहितीपत्रकाचा. घर बघणारा माणूससुद्धा खोली एका नजरेत बघत नाही.

तिसरं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ८, आणि शटर जे येईल ते येऊ द्या. एक सेकंद, दोन सेकंद. तुम्हाला त्रास होईल, मला कल्पना आहे.

रंगांचं उद्या लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

नांदेडसिटीकर | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

रंगांचं मी सांगतो, अनुभवाचं. मागच्या वर्षी बहिणीच्या नव्या फ्लॅटचे फोटो काढत होतो. डोकं फिरायची वेळ आली. एका फोटोत भिंत पिवळी, दुसऱ्यात गुलाबी. मधेच लाइट गेली. म्हटलं आता बॅटरी आहे तोवर काढून घेऊ. घरी येऊन बघतो तर लाइट गेल्यावर काढलेले अकरा फोटो सोडले तर बाकी सगळे कचऱ्यात टाकण्यालायक. त्या अकरांत पांढरी भिंत पांढरी, पडद्याचा मोरपंखी रंग मोरपंखी.

तेव्हापासून मी आधी मेन स्विचकडे जातो. बहीण म्हणते, हा फोटोग्राफर आहे की वायरमन.

एफ_आठ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

नांदेडसिटीकर, तुम्ही माझं निम्मं काम केलंत.

कारण असं की दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर), पिवळसर एलईडी २७०० ते ३०००, आणि आपल्याकडे ट्यूब किंवा 'कूल डेलाइट' म्हणून जे विकतात ते ६५००. आपला मेंदू हे सगळं जुळवून घेतो, कॅमेरा एकच पांढरा धरतो. पिवळ्याला धरून बसवलंत तर खिडकी निळी, खिडकीला धरलंत तर छत हळदीचं. काकूंचा हिरवा चेहरा बहुतेक स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबची देणगी.

शिवाय आपली वीज ५० हर्ट्झ. त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोबाईलवर किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर वेग जास्त ठेवला की भिंतीवर काळे पट्टे येतात ते त्यामुळेच.

तेव्हा दिवसा काढताना दिवे बंद, पंखा बंद, खिडक्या उघड्या. आणि हो, मच्छरजाळी सरकवा. जाळीतून आंब्याचं झाड धुरकट करडं दिसतं आणि लोक लेन्सला दोष देतात.

पांढऱ्या चौकोनाचं असं. खिडकीबाहेर आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात उजेडाचा फरक आठ-दहा स्टॉपचा सहज असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका फोटोत तो मावणार नाही. कॅमेरा न हलवता दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो घ्या आणि घरी जोडा. पण आपोआप जोडणाऱ्या बटणावर विसंबू नका. त्यातून जे निघतं त्यात सावलीच उरत नाही, सोफा जमिनीवर टेकलेला वाटत नाही, तरंगतो. उजळ फोटो घ्या आणि त्यात फक्त खिडकीपुरता काळसर फोटो सॉफ्टवेअरमधल्या ब्रशने रंगवून आणा. तोही पूर्ण नाही. बाहेरचं झाड आतल्यापेक्षा थोडं उजळच दिसायला हवं, नाहीतर खिडकीत झाडाचं पोस्टर चिकटवल्यासारखं दिसतं.

रेषा | १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी डिझायनर आहे, आणि "दिवे बंद करा" हे ऐकलं की माझं डोकं तापतं. माफ करा एफ_आठ, पण आम्ही छताच्या कोव्हमधला (कडेच्या खाचेतला) एक दिवा कुठे येणार यावर इलेक्ट्रिशियनशी तीन-तीन दिवस भांडतो. झुंबराची उंची दोन इंचांनी बदलायला लावतो. फोटोग्राफर येतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर स्विच बंद. मग आम्ही केलं काय? खिडकी तर आधीपासून होती.

मी माझ्या साइटवर सगळीकडे ३००० केल्व्हिनचेच दिवे लावते, एका घरात दोन रंग ठेवतच नाही. असं असेल तर दिवे लावून काढायला काय हरकत आहे?

एफ_आठ | १९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

हरकत काहीच नाही, वेळ फक्त अकराची नको. संध्याकाळी या.

पुण्यात सध्या सूर्य सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना मावळतो. सव्वासहा ते साडेसहा या वेळात बाहेरचं निळं आकाश आणि आतला दिवा एकाच तोलाचे होतात. खिडकी पांढरी पडत नाही, काळीही होत नाही. निळं-पिवळं तेव्हाही असतंच, पण तेव्हा ती चूक वाटत नाही, संध्याकाळ वाटते. आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो, त्यामुळे एका संध्याकाळी एकच फ्रेम, फार तर दोन. ट्रायपॉड पाच वाजताच लावून ठेवायचा आणि चहा पीत बसायचं. शिक्रारावांना हे जमेल, लपणात बसून वाट बघायची सवय आहे.

रेषा | १९ नोव्हेंबर, दुपारी २:२५

हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढी चिडले नसते. :)

मोबाईल_पंडित | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी काय करायचं? आमचा वाकडचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, एजंटने काढलेल्या फोटोत बेडरूम विमानतळासारखी दिसते. भाडेकरू येतो, खोली बघतो, आणि "फोटोत मोठी होती" म्हणून जातो.

एफ_आठ | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

एजंटने ०.५ वर काढलेत. ती लेन्स मोठ्या सेन्सरच्या (फुलफ्रेम) कॅमेऱ्यावरच्या १३ मिलिमीटरच्या आसपास पडते. तुम्ही १ वर या, ती २४ ते २६. ग्रिड चालू करा, दाराची चौकट ग्रिडच्या रेषेला लावा, फोन छातीच्या खाली धरा, तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडकीवर बोट दाबून उजेड अडकवा आणि किंचित खाली ओढा. मागे सरायला जागा नसेल तर दारात जा, पॅसेजमध्ये जा. कपाटाच्या आरशात तुम्ही दिसणार नाही हे मात्र बघा. एका गृहस्थांनी पाठवलेल्या फोटोत खोली उत्तम होती आणि आरशात ते स्वतः टॉवेलवर होते.

कडीपाट | २० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

मी सदाशिव पेठेत वाड्यात राहतो. (माझ्या नावावरून शिक्रा यांना मी त्यांच्या बदकांच्या जागेचा वाटलो तर सांगतो, ते कवडीपाट, मी कडीपाट. म्हणजे लाकडी कड्यांवर पाट टाकलेलं छत. आता ही खुलासा करण्याचीच वेळ आलीय म्हणा.)

वरची सगळी चर्चा खिडक्यांच्या घरांची चाललीय. वाड्याचं गणित निराळं. उजेड चौकातून वरून येतो. ओसरीवर भरपूर, पडवीत निम्मा, माजघरात पोचेतो पितळेच्या भांड्याची कड तेवढी चमकते. पायरी-पायरीने अंधारत जाणं हाच त्या घराचा आराखडा. उन्हाळ्यात माजघर गार राहतं ते उगाच नाही.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक फोटोग्राफर आले होते. भले गृहस्थ. माजघरात दोन छत्र्या लावल्या, फ्लॅश छतावर मारले. कडीपाट काळा, त्यावरून उजेड परत येईना, मग त्यांनी आणखी जोर लावला. शेवटी फोटोत कोनाडे सपाट, खांबांवरचं कोरीव काम सपाट, आणि शंभर वर्षांची काजळी मात्र स्वच्छ दिसतेय. आई म्हणाली, "अरे, हे आपलं घर नव्हे, हे आपल्या घराचं एक्स-रे आहे."

अंधार असेल तिथे अंधार राहू द्या. सरावाला विश्रामबागवाड्यात जाऊन बघा. बाजीराव रस्त्याकडच्या सज्जावर सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आहेत, त्यांच्यावर कडेने उजेड पडतो तेव्हाच पाकळ्या उठून दिसतात, समोरून पडला की नुसता दांडा. तिथून जवळच केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आहे. अंधाऱ्या दालनात एखादी हंडी किती कमी उजेडात दिसते ते तिथे डोळ्यांनी बघा, कॅमेरा नसला तरी चालेल.

एफ_आठ | २० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

कडीपाटकाका, मान्य. एक्स-रे हा शब्द मी आता क्लायंटला वापरणार.

थोडी पुस्ती जोडतो. फ्लॅश वापरायचाच तर पांढऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या छतावर मारून, तोही सावली मारण्यापुरता नाही, फक्त रंग खरा यावा म्हणून. लाकडी छतावर मारला तर परत येणारा उजेड तपकिरी होऊन येतो. वाड्यात ट्रायपॉड, दहा सेकंद आणि चौकातला उजेड, एवढं पुरतं.

उंबरा | २० नोव्हेंबर, रात्री ९:००

मला दुसरी बाजू मांडायचीय. मी फोटो काढणारी नाही, जिच्या घराचे फोटो काढले ती.

औंधला आमचा फ्लॅट आहे. काम करणाऱ्या डिझायनरने शेवटी सांगितलं, एक दिवस फोटोसाठी घर द्या. दिलं. सकाळी आठला चौघं आले. फ्रिजवरचे मुलाचे कागद काढले, सासूबाईंची प्लास्टिकची खुर्ची गॅलरीत नेली, देवघरासमोर मोठ्ठ्या पानांचं कुंडीतलं झाड आणून ठेवलं. दिवसभर सासूबाई बेडरूममध्ये बसून होत्या, त्यांना संध्याकाळची दिवाबत्तीसुद्धा करता येईना. चहाचे कप आमचे, पण फोटोत त्यांनी आणलेले मातीचे.

हेही चाललं असतं. पण पुढे ते सगळे फोटो इन्स्टाग्रामवर आले. मुलाच्या खोलीचा फोटो, भिंतीवर त्याचं पूर्ण नाव. गॅलरीतून समोरच्या सोसायटीचा फलक दिसतोय. आमच्या बेडरूममधलं कपाट उघडं, आतलं लॉकर दिसतंय. काढा म्हणून फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, फोटो आमचे आहेत, पैसे आम्ही दिलेत." हे बरोबर आहे का?

काळा_कोट | २० नोव्हेंबर, रात्री १०:३५

दुर्दैवाने कॉपीराइटपुरतं त्यांचं म्हणणं बहुतेक बरोबर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७: पैसे देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. तुमच्या प्रकरणात फोटोग्राफरला पैसे डिझायनरने दिले, म्हणून हक्क डिझायनरचा. तुमचाही नाही आणि फोटोग्राफरचाही नाही. (एफ_आठ, तुम्हीही हे वाचून ठेवा. बहुतेक फोटोग्राफर समजतात की बटण दाबलं म्हणजे आपला हक्क.)

घराची रचना ज्याने केली तोही फोटो अडवू शकत नाही. कलम ५२ मध्ये वास्तुकृतीचा फोटो काढणं आणि छापणं हा भंग नाही असं स्पष्ट म्हटलंय. भिंतीवर टांगलेलं एखाद्या चित्रकाराचं चित्र हे मात्र वेगळं प्रकरण.

पण कॉपीराइट त्यांचा म्हणून तुमच्या घराचं काहीही दाखवायला ते मोकळे असा अर्थ होत नाही. घरात येऊ देताना परवानगी कशाची दिलीत हा प्रश्न उरतोच. लेखी कळवा, नाव आणि लॉकर असलेले फोटो काढायला सांगा. आणि बाकीच्यांनी धडा घ्या: काम देतानाच करारात तीन ओळी टाका. कुठल्या खोल्यांचे फोटो, कुठे वापरणार, आणि टाकण्याआधी घरमालकाला दाखवणार. तीन ओळींना वकील लागत नाही, मला गिऱ्हाईक नको आहे.

नांदेडसिटीकर | २० नोव्हेंबर, रात्री १०:५०

मोबाईलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही जातात, लोकेशन बंद करून काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते गळून पडतात, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसेच राहतात.

रेषा | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:००

उंबराताई, नाव आणि लॉकर हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, त्याचं समर्थन नाही. पण वस्तू हलवण्याबद्दल मी डिझायनरची बाजू घेणार.

घरात आपल्याला रिमोट, चार्जर, पाण्याची बाटली, औषधांची पुडी दिसत नाही. डोळ्याला सवय झालेली असते. फोटोत फक्त तेच दिसतं. मी स्वतः शूटच्या दिवशी वॉशिंग पावडरच्या डब्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं उचलते. आणि हे आजचं नाही. १९६० साली ज्युलियस शुलमन यांनी लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या काचेच्या घराचा फोटो काढला, खाली अख्खं शहर दिव्यांनी भरलेलं आणि आत दोन तरुणी गप्पा मारताहेत. घराची रचना पिअर कोनिग यांची. घरांच्या छायाचित्रणात तो फोटो जगभर दाखवतात. त्या दोघी तिथे राहत नव्हत्या, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या मैत्रिणी होत्या. शहराच्या दिव्यांसाठी शटर कित्येक मिनिटं उघडं ठेवलं आणि घरातल्यासाठी फ्लॅश वेगळा उडवला. म्हणजे तो क्षण तसा कधी नव्हताच. तरी घर खोटं वाटत नाही.

उंबरा | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

त्या घरात सासूबाई नव्हत्या.

मीठमसाला | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:२२

धागा संपला. सगळ्यांनी घरी जा.

रेषा | २१ नोव्हेंबर, दुपारी १:०५

:) हरले. पण गंभीरपणे सांगते, देवघर झाकणं मला पटत नाही. आपल्याकडच्या घरांचे फोटो परदेशी मासिकांसारखे दिसावेत म्हणून आपण आपल्याच घरातल्या गोष्टींना लाजतो. देवघर, पंखा, खिडकीचं ग्रिल, ओट्यामागचं भांड्यांचं स्टँड. मी डिझाइनमध्ये देवघराला जागा देते आणि फोटोत झाड आडवं लावते, हे मलाही करावं लागलंय. सासूबाईंची खुर्ची मात्र मी कधी गॅलरीत नेली नाही. (प्लास्टिकची असली तर वर चादर टाकली आहे, कबूल.)

कडीपाट | २१ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं बालेवाडीतलं 'इंडिया हाऊस' ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. घर, कार्यालय आणि मधे चौक. परदेशातून आलेला माणूस पुण्यात चौक बांधून राहिला, आणि आम्ही चौक पाडून पार्किंग केलं. अवांतराबद्दल क्षमस्व.

एफ_आठ | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४५

पंख्याचा विषय निघाला म्हणून. आपल्याकडे प्रत्येक फ्रेममध्ये पंखा येतोच, खोडून काढू नका. फक्त बंद करा आणि काठीने पाती अशी फिरवा की तीनपैकी एक पातं सरळ कॅमेऱ्याकडे येईल, म्हणजे बाकीची दोन दोन्हीकडे सारखी दिसतात. तिरका थांबलेला पंखा पूर्ण खोली वाकडी करतो.

शिक्राराव, तुमच्या घरात झोपाळाही आहे. तो माणूस उतरल्यावर किती वेळ हलतो याचा अंदाज घेऊन मगच बटण दाबा. आणि चकाकी कमी करायला पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) नेणार असाल तर ग्रॅनाइटवर, लॅमिनेटवर, काचेवर तो चालतो. स्टीलच्या डब्यांवर चालत नाही, तिथे तुम्ही दिसणारच. टायमर लावून बाजूला व्हा.

दक्षिणेची खिडकी म्हणालात ते सोन्यासारखं आहे. मे महिन्यात पुण्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, दक्षिणेच्या खिडकीतून काही मिळत नाही. आता थंडीत तो खाली उतरलेला आहे, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी जेमतेम ४८ अंशांवर. सात फुटी खिडकी आणि दोन फुटी छज्जा धरला तरी ऊन चार फूट आत फरशीवर येतं. साडेबाराच्या सुमारास जा आणि ते ऊन मोझॅकवर कुठे पडतंय ते आधी नुसतं बघा.

शिक्रा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

काल दुसऱ्यांदा जाऊन आलो. मंडळी, किती लिहू.

सकाळी दहाला गेलो आणि तासभर कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. काकू म्हणाल्या, "अरे, आजारी आहेस का?" खोल्यांत फिरून उजेड कुठून कुठे जातो ते बघत होतो. मुळात हेच मी कवडीला दर रविवारी करतो, पाण्यावर ऊन कसं सरकतं ते बघून बसतो. घरात शिरल्यावर का विसरलो कुणास ठाऊक.

दिवे बंद, जाळी उघडी, लेन्स २४ वर, उंची चार फुटांच्या खाली. भिंती उभ्या आल्या. एवढ्यासाठी मी पहिल्यांदा साठ फोटो वाया घालवले होते! कोपऱ्यातली फरशी चौकोनी आहे, झूम करकरून तपासलं. बाराला दहा मिनिटं कमी असताना उन्हाचा पट्टा झोपाळ्याच्या कडीवर चढायला लागला आणि साडेबाराला फरशीवर आडवा पसरला. तो फोटो उभ्या फ्रेममध्ये आहे, खालची फरशी कापलीय, एफ_आठ यांचे आभार.

पंख्याची पाती फिरवताना काका स्टुलावर चढले, मी नको नको म्हणत होतो. वय ७६. काकूंनी मला झापलं, काकांना नाही.

वस्तूंबद्दल वहिनीची आणि माझी जरा चकमक झाली. तिला खिडकीतली पितळेची समई काढायची होती, कारण तिथे तिने निवडलेली काचेची बरणी जाते. काकूंनी ऐकलं, काही बोलल्या नाहीत, बरणी उचलली आणि त्यात पोहे भरून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. समई राहिली. फोटोत ती खिडकीच्या उजेडात जी काही दिसतेय, वहिनीलाच पुढे करायचाय तो फोटो.

पाच फोटोंतून खिडकी जोडायला तीन तास लागले, आंबा पहिल्यांदा पोस्टरसारखाच चिकटला होता. आता जरा बरा दिसतोय. (चांगल्या अर्थाने बरा.)

करारातल्या तीन ओळी वहिनीने लिहून काकांकडून सही घेतली. काकांनी चौथी स्वतः घातली: "छापील प्रत एक, मोठी, फुकट."

रेषा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

वहिनींना सांगा, बरणीचं मी समजू शकते. पण समईच बरोबर. फोटो टाका की!

शिक्रा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५२

काकूंनी अजून पाहिले नाहीत. करारात आहे, आधी त्यांना दाखवायचे. आणि संध्याकाळचा एक राहिलाय, काल सहाला ढग आले आणि आकाश निळं झालंच नाही. उद्या पाच वाजता परत चाललोय, ट्रायपॉड त्यांच्याकडेच ठेवलाय.

मीठमसाला | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

पाचला गेलात म्हणजे चहा. पोहे त्या बरणीत आहेतच.